परवाना माफ म्हणजे सगळं माफ नव्हे: मेश रेडिओ मागवण्याआधी

दोहा मेट्रोच्या लाल, हिरव्या आणि सोनेरी मार्गिका जिथे एकत्र येतात ते मुशैरिब स्टेशन तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर असेल. वरच्या बाजूला सुमारे ३१ हेक्टरांत शंभराहून जास्त इमारती आहेत. त्यांच्यामध्ये जाड भिंती, अरुंद बोळ आणि खाली तळघरं. अशा ठिकाणी वीज गेली आणि मोबाइल नेटवर्क बसलं, तर शेजारच्या इमारतीतल्या माणसालाही निरोप देता येणार नाही. ही भीती नुसती कल्पनेतली नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या संपत गेल्या आणि अनेक ठिकाणी फोन मुके झाले.

आपल्याकडचं उदाहरण याहून जिव्हारी लागणारं आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो तिथे पोचला, तर गाव जागेवर नव्हतं.

म्हणूनच छोट्या मेश रेडिओंबद्दल इतकं कुतूहल आहे. तळहातावर मावणारं हे यंत्र ब्लूटूथने फोनला जोडायचं आणि लेखी निरोप पाठवायचा. तुमचं यंत्र तो हवेत सोडतं, टप्प्यातलं दुसरं यंत्र तो ऐकून पुढे ढकलतं, मग तिसरं. टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. मेशटॅस्टिक ही २०२० साली सुरू झालेली खुली प्रणाली यासाठी सर्वांत परिचित आहे. तिच्या मुळाशी लोरा नावाचं तंत्र आहे. त्यात वारंवारता हळूहळू सरकवत संदेश पाठवतात. त्यामुळे आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा क्षीण झालेला संदेशही पलीकडे ओळखता येतो. किंमत मोजावी लागते ती वेगात: नेहमीच्या 'लाँगफास्ट' मांडणीत सेकंदाला साधारण एक हजार बिटच जातात. एका निरोपात सुमारे २०० बाइट मावतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे मराठीत साठ-पासष्ट चिन्हं, काना-मात्रा धरून! 'आम्ही ठीक, जिन्यापाशी थांबलोय' एवढं लिहायचं आणि थांबायचं.

आता कायद्याकडे येऊ. 'कमी शक्तीचं यंत्र आहे, परवाना लागत नाही' असं विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

पहिला: या वारंवारतेवर, इतक्या शक्तीने, इतका वेळ बोलायला मुभा आहे का? कमी पल्ल्याच्या यंत्रांना अनेक देश काही पट्टे सरसकट मोकळे करतात, पण अटींसह. युरोपात ८६९.४ ते ८६९.६५ मेगाहर्ट्झमध्ये ५०० मिलिवॉटपर्यंत चालतं, पण तासातल्या १० टक्के वेळेपुरतंच, म्हणजे सहा मिनिटं. ही अट जाचक वाटेल, पण मेशमध्ये सगळे एकाच वाहिनीवर असतात आणि प्रत्येक निरोप पुन्हा पुन्हा उच्चारला जातो. एकाने बडबड केली की बाकीच्यांचा आवाज दबतो.

दुसरा: हे विशिष्ट यंत्र तपासून मान्य झालंय का? यालाच टाइप अप्रूव्हल म्हणतात. कतारमध्ये हे काम कम्युनिकेशन्स रेग्युलेटरी ऑथॉरिटी पाहते आणि तिच्या अधिकारांचा पाया २००६ चा ३४ क्रमांकाचा दूरसंचार कायदा आहे. मान्यता मिळते ती चिप, अँटेना आणि शक्ती यांच्या जोडणीला. सर्किटवरच्या वाय-फाय भागावर प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो, तो पाहून अनेकजण निर्धास्त होतात. तो क्रमांक त्या भागापुरताच असतो, शेजारच्या लोरा चिपला लागू होत नाही. मोठी अँटेना लावली, तर तपासलेलं यंत्र आणि तुमच्या हातातलं यंत्र एक राहत नाही.

तिसरा: ते देशात आणायला परवानगी आहे का? पार्सल कस्टम्समध्ये अडकतं ते बहुधा इथेच.

हे सगळं कागदी वाटत असेल, तर एक आकडा पाहा. अमेरिकेत मेश यंत्रं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि लाँगफास्टची तिथली नेहमीची वाहिनी ९०६.८७५ आहे. कतारमध्ये आणि भारतातही ९०० च्या मोबाइल पट्ट्यात ९१५ पर्यंतचा भाग फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांसाठी असतो. अमेरिकी यंत्र तसंच चालू केलं, तर टॉवर ज्या वारंवारतांवर लोकांचे फोन ऐकतोय तिथेच तुम्ही बोलत राहाल. त्यातला एखादा फोन ९९९ ला लावलेला असू शकतो.

सुट्टीत घरी जाताना हिशेब पुन्हा बदलतो. भारताने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा १ वॉटच्या मर्यादेत परवानामुक्त केला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. युरोपी मांडणीची ८६९.५२५ ही वाहिनी त्याच्या बाहेर पडते. २००५ च्या नियमात वाहक पट्ट्याची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत आहे, तर लाँगफास्ट २५० वापरतं. म्हणजे शक्ती आणि वारंवारता जुळवूनही भागत नाही, रुंदीही पाहावी लागते. शिवाय यंत्राला इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल हवंच. बॅगेतल्या रेडिओकडे कायदा किती गांभीर्याने पाहतो, हे डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर दिसलं. परदेशात गिर्यारोहक सर्रास वापरतात ती उपग्रह-संदेशयंत्रं सापडल्याने परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. ती यंत्रं वेगळी आहेत, पण धडा तोच.

'संकटात कोण नियम बघतं?' असं तुम्ही म्हणाल. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमही संकटात सापडलेल्या केंद्राला हाताशी असेल ते साधन वापरू देतात. पण मेश जाळं संकटाच्या दिवशी उभं राहत नाही. कुठल्या गच्चीवर यंत्र ठेवायचं, कुठल्या बोळात निरोप पोचत नाही, कुणाची बॅटरी किती टिकते, हे आधीच्या शंभर साध्या दिवसांत कळतं. त्या दिवसांना संकटाची सवलत नाही. मान्यता नसलेलं यंत्र खणात लपून राहतं, त्याची चाचणी होत नाही आणि गरजेच्या वेळी ते बहुधा चालतही नाही.

तेव्हा मागवण्याआधी रेग्युलेटरी ऑथॉरिटीच्या कमी पल्ल्याच्या यंत्रांच्या चालू तक्त्यात वारंवारता, शक्ती आणि वेळ पाहा. विक्रेत्याकडून नेमक्या मॉडेलचं कतारचं मान्यतापत्र मागा. ते नसेल, तर ऑर्डर देऊ नका. इमारतीत बसवायचं असेल, तर व्यवस्थापनाला आधी लेखी विचारा.

याहून पुढे जायची हौस असेल, तर हॅम रेडिओचा परवाना हा सरळ रस्ता आहे. जगातला पहिला भूस्थिर हॅम ट्रान्सपाँडर नोव्हेंबर २०१८ मध्ये कतारच्याच एस-हैल-२ उपग्रहावरून अवकाशात गेला आणि भारतही त्याच्या टप्प्यात येतो. परीक्षा द्यावी लागते, पण मग दोह्यातून पुण्याच्या मित्राशी टॉवरशिवाय, आणि उघडपणे, बोलता येतं.