रातांब्याच्या बिया फेकू नका!

पाडवा झाला. भात कधीच कणगीत जाऊन बसलं. राबासाठी पालापाचोळा गोळा करायचा आहे, बांध घालायचे आहेत, पण दुपारची थोडी सवड आता मिळते. पोरांच्या परीक्षा उरकल्या की माहेरवाशिणी येतात, मुंबईचे भाचे-पुतणे येतात, घर भरून जातं. ह्या भरल्या घरात हसत-खेळत चार हातांनी काय करता येईल, आणि त्यातून घरच्यांची कातडीही कशी जपता येईल, ते आज बघू.

"विषय बायकांचा, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणून पान उलटू नका. टाचेला भेगा गड्याच्याही पडतात आणि घामोळं पोरांनाही येतं. शिवाय मामला आता नुसत्या रूपाचा राहिलेला नाही. २०२३ साली आपल्याच तालुक्यात, खारघरच्या एका रुग्णालयात, गोरं करणारं मलम लावल्यामुळे मूत्रपिंडाचा आजार जडलेले रुग्ण आढळले. दोष होता मलमातल्या पाऱ्याचा. पारा कातडीचा रंग तात्पुरता उजळवतो खरा, पण कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. कायद्याप्रमाणे अशा मलमात पारा घालताच येत नाही. नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. तरीही बनवणाऱ्याचं नाव-गाव नसलेल्या डब्या बाजारात, लग्नसराईत हातोहात खपतात. डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नसतील, तर फुकट मिळाली तरी घरात आणू नका. उन्हात राबून रापलेला रंग हा काही रोग नव्हे.

पनवेलला ह्या विद्येची ओळख नवी नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथंच धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. गोवा रस्त्यावर तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरने तेलघाणी आणि साबणाचे ग्रामोद्योग उभे केले. ह्या संस्थेची सुरुवात १९६१ सालची. तेव्हा आपल्या मातीतल्या बी-पाल्याचं चीज होतं, हे आपल्याकडं लोकांनी करून दाखवलेलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. रातांबे पिकायला लागले की आपण साली वाळवून आमसुलं करतो, आगळ काढतो आणि बिया उकिरड्यावर टाकतो. त्याच बियांत भिरंडेल, म्हणजे कोकमतेल, दडलेलं असतं. आतल्या गराचा चांगला वाटा तेलाचाच. घरी काढायची रीत सोपी आहे. बिया धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. वरवंट्यानं ठेचून टरफलं पाखडून काढा. हे काम पोरं आनंदानं करतात. गर उखळात बारीक कुटा, भरपूर पाण्यात घालून मंद विस्तवावर उकळा. तेल वर तरंगू लागलं की भांडं उतरवून रात्रभर निवू द्या. सकाळी वर घट्ट थर आलेला दिसेल. तो काढून पुन्हा वितळवा, पाण्याचा अंश पुरता उडू द्या, फडक्यातून गाळा आणि करवंटीत ओता किंवा गोळे वळा. विस्तवाजवळचं आणि गरम तेलाचं काम मात्र थोरांनीच करायचं.

हे तेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून घरात घट्ट राहतं आणि पाण्याचा अंश नसेल तर बरेच महिने टिकतं. रात्री पाय कोमट पाण्यात धुऊन, पुसून, पळीत जरासं पातळ केलेलं तेल भेगांत भरा. फुटलेल्या ओठांनाही तेच. मात्र भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा माणसाला मधुमेह असेल, तर घरगुती उपायावर न थांबता दवाखाना गाठा.

नवं झाड लावणार असाल तर एक ध्यानात ठेवा. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून लावलं तर नर निघाल्याचं काही वर्षांनी कळतं, तोवर जागा वाया जाते. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' किंवा 'कोकण हातीस' जातीची कलमं घ्या. जमिनी विमानतळात, रस्त्यांत गेल्या, तरी परसात एखाद्या झाडाला जागा निघतेच.

तोंडाला लावायला मसुराचं पीठ, चिमूटभर घरची हळद आणि दूध पुरतं. घामोळ्यावर चंदन उगाळून लावा, सैल सुती कपडे घाला. कोरफड वापरायची तर पात कापून थोडा वेळ उभी ठेवा. तिचा पिवळा चीक निथळून गेल्यावरच आतला गर घ्या. चिकानं खाज सुटते. असं ओलं काहीही त्याच दिवशी संपवायचं, साठवायचं नाही. आणि प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. लाली किंवा आग झाली नाही तरच पुढं.

काही गोष्टी टाळाच. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजून काळे डाग पडतात. काजूच्या बीचा आणि आंब्याच्या देठाचा चीक उततो. पोरं काजूंना हात लावण्याआधी त्यांच्या हाताला खोबरेल लावा आणि चीक लागलाच तर साबणानं लगेच धुवा.

एवढं करून दुपारच्या उन्हाला मात्र कमी लेखू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उष्माघातानं १४ जणांचे जीव गेले. तेव्हा तर वैशाखही लागला नव्हता. करवंदं तोडायला, नदीवर जायचं ते सकाळीच. भर दुपारी सगळ्यांनी पडवीत बसावं, बिया फोडाव्यात, कैरीचं पन्हं प्यावं. आजीला चार गोष्टी सांगायला सांगा. कोणतं तेल कशाला, हे पुस्तकापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दोन शब्द. गावच्या बचत गटानं भिरंडेल घरच्या वापराला काढलं तर कुणाला विचारायला नको. पण मलम किंवा साबण करून विकायचा असेल, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. भगिनींना ही माहिती आधीच द्या, म्हणजे मेहनत अडकून पडणार नाही. आणि येत्या ग्रामसभेत त्या बिननावाच्या डब्यांचा विषय जरूर काढा. गावातल्या लेकीसुनांपर्यंत हे तुमच्या तोंडून गेलं, तर एखादीचं मूत्रपिंड वाचेल.