संबळ आणि परक्या मुलखाचा रंगमंच

२०२१ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील आविन्यों येथील नाट्योत्सवात, पोपांच्या जुन्या प्रासादाच्या उघड्या प्रांगणात, बार्सिलोनाच्या 'ला वेरोनाल' या मंडळीने 'सोनोमा' हा नृत्यप्रयोग केला. पायघोळ वस्त्रांतील स्त्रिया त्यात आरंभी पावलेही न उचलता भूमीवरून सरकत जात आहेत असा भास होतो, आणि अखेरीस त्याच स्त्रिया सर्व बळ एकवटून ढोल वाजवू लागतात. त्या ढोलांचे मूळ, चित्रपटकार लुईस बुन्युएल याच्या जन्मगावी, कलांदा येथे आहे; गुड फ्रायडेच्या भर दुपारी तेथील सारा गाव रस्त्यावर येऊन एकाच क्षणी ढोलांवर पहिली थाप टाकतो.

कलांदा बार्सिलोनाच्या कातालोनियात नसून शेजारच्या आरागोन प्रांतात आहे आणि २००५ साली ही मंडळी उभारणारा मार्कोस मोराउ जन्माने वालेन्सियाकडचा आहे. तरीही हे नृत्य जगभर कातालान म्हणून ओळखले जाते, कारण शिक्षण, रंगमंच आणि आश्रय त्याला बार्सिलोनाने दिला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत ज्यांच्या भाषेची गळचेपी झाली, त्या कातालान लोकांनी आपली भाषा व कला परदेशी नेण्याकरिता २००२ साली रामोन ल्युल या मध्ययुगीन ग्रंथकाराच्या नावाने एक संस्था स्थापन केली. दौऱ्यावर निघणाऱ्या नृत्यमंडळींच्या प्रवासखर्चास ती हातभार लावते. बार्सिलोनात १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या व पुढे फुलबाजार झालेल्या इमारतीत आज मुख्यत्वे नृत्याला वाहिलेले नाट्यगृह आहे, आणि पीटर ब्रुकचे 'महाभारत' तेथेही झाले होते, हे मराठी वाचकास सांगितलेच पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचताना तुळजापूर आठवल्याखेरीज राहणार नाही. भवानीचा गोंधळ हाही मुळात विधीच होय. पाटावर नवे वस्त्र अंथरून तांदळावर कलश ठेवायचा, विड्याची पाने, नारळ व देवीचा टाक मांडायचा, दिवटी पाजळायची, आणि मग अंगात झगा व गळ्यात कवड्यांची माळ घातलेला नायक ठिकठिकाणच्या देवदेवतांना त्यांच्या गावांच्या नावांनिशी गोंधळाला बोलावतो. संबळ कमरेशी बांधलेला असतो. त्याच्या दोन तोंडांपैकी एक भरदार बोलते, दुसरे टिपेचे. भरदार तोंडावरची काडी टोकाशी वाकलेली असते. तुणतुणे सूर धरते, झांज लय राखते, आणि रात्र चढू लागली म्हणजे आख्यान सुरू होते. नायक निरूपण करतो, साथीदार प्रश्न विचारतो, आणि त्या सवालजवाबांतून श्रोते पहाटेपर्यंत जागे राहतात.

हा गोंधळ परदेशी मराठी मंडळांच्या उत्सवांतून दिसतो, पण तेथे पुष्कळदा त्याचा ताल व पोशाख तेवढा पोहोचतो, आवाहन आणि आख्यान मागे राहतात. लोककलेला परका प्रेक्षक समजू शकत नाही, म्हणून ती छाटूनच न्यावी, हे मत मला साफ अमान्य आहे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' डॉ. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकॅडमीने १९८० साली युरोपात नेले. मराठीचा गंध नसलेल्या प्रेक्षकांपुढे ब्राह्मणांची ती डोलती, गाती रांग कधी भिंत झाली, कधी पडदा झाली, आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत व कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी आपले काम चोख बजावले. त्या नाटकाने कीर्तन, तमाशा, दशावतार यांच्यातून घ्यायचे ते विचारपूर्वक घेतले; कलांदाच्या ढोलाबाबत मोराउनेही तेच केले.

संबळाच्या वाट्याला असा रचनाकार यायचा असेल, तर त्याच्यापुढे अखंड गोंधळ असला पाहिजे, आणि तो आजही या जिल्ह्यातल्या लग्नघरांतच सापडतो. तेव्हा माझी विनंती लग्नघरच्या यजमानांना आहे: गोंधळ घालाल तेव्हा नायकाचे व संबळ वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापा, बिदागी हात आखडता न घेता द्या, आख्यान अर्ध्यावर आटोपायला सांगू नका, आणि नायकाची परवानगी घेऊन आवाहनापासून आरतीपर्यंत सबंध रात्रीचे ध्वनिमुद्रण करून ठेवा.