मुलांना धर्म शिकवलाच नाही, तर ती नास्तिक होतात का? संशोधन, कायदा आणि खान्देशातली घरे काय सांगतात?

श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार आला की जळगाव-धुळ्यातल्या अनेक घरांत कानबाई बसते. सुरत, पुणे, मुंबईला नोकरीसाठी गेलेले भाऊबंद रोटांसाठी गावी येतात. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन होते. या सगळ्यात घरातले सहा वर्षांचे मूल काय करते? आजीच्या मांडीवर बसून बघते, सगळ्यांनी हात जोडले की तेही जोडते आणि तिथेच झोपी जाते. कानबाई कोण, ती का बसवायची, हा धडा त्याला कुणीच दिलेला नसतो.

अशाच घरांत आता नवा वाद रंगतो. ‘मुलावर धर्म लादायचा नाही, मोठे झाल्यावर ते ठरवेल,’ असे तरुण आई-बाबा म्हणतात. ‘मग पोरगं नास्तिक होईल,’ ही आजी-आजोबांची भीती असते. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट धरून चाललेली असते, ती म्हणजे न शिकवल्यास श्रद्धा येणार नाही. हे खरे आहे का?

आधी ‘नास्तिक’ म्हणजे कोण?

तीन गोष्टी इथे एकमेकींत मिसळतात. धर्माचे शिक्षण न मिळणे, कोणत्याही धर्माचे नाव न लावणे आणि ‘देव नाही’ असे विचारपूर्वक मानणे. या तिन्ही वेगळ्या आहेत.

मुंबई उच्च न्यायालयातले एक प्रकरण याचे चांगले उदाहरण आहे. डॉ. रणजित मोहिते आणि इतरांना राजपत्रात ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद हवी होती. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘मला धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र हे याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. येशू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, फक्त धर्माचे लेबल त्यांना नको होते.

आकडेही हेच दाखवतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २८.७ लाख लोकांच्या धर्माची नोंद नव्हती. स्वतःला नास्तिक म्हणवणारे मात्र सुमारे ३३ हजार होते. त्यातले ९ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ मधल्या अहवालानुसार ९७ टक्के भारतीय देव मानतात.

मूल कोऱ्या पाटीसारखे असते का?

पूर्णपणे नाही. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी लहान मुलांना विचारले, खडक टोकदार का असतात? ‘मातीचे थर साचत गेले’ या उत्तरापेक्षा ‘प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून’ अशा धर्तीचे उत्तर मुलांना जास्त पटले. प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी बनवली आहे, असे मुलांना सहज वाटते. धर्माचा प्रभाव कमी असलेल्या चीनमधल्या मुलांवरही २०१७ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही हा कल दिसला.

स्पेनमधला २००५ चा अभ्यास या प्रश्नाच्या आणखी जवळ जातो. कॅथलिक आणि धर्मनिरपेक्ष अशा दोन्ही शाळांतल्या मुलांना मगरीने खाल्लेल्या उंदराचे बाहुलीनाट्य दाखवले. मग विचारले, उंदराला अजून भूक लागते का? आई आठवते का? दोन्ही शाळांत लहान मुलांनी ‘हो’ अशी उत्तरे जास्त दिली आणि वय वाढले तशी ती कमी झाली. कॅथलिक शाळेतल्या मुलांत एकूण ‘हो’चे प्रमाण जास्त होते. म्हणजे कल आधीपासून असतो, शिकवण त्याला बळ देते.

मग विशिष्ट देव कुठून येतो?

तो घरातून आणि गल्लीतून येतो. २०१४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या मुलांना चमत्काराच्या गोष्टी सांगितल्या. धार्मिक वातावरणातल्या मुलांना त्यातले पात्र खरे वाटले. तसे वातावरण नसलेल्या मुलांनी ते काल्पनिक ठरवले. देवाकडे झुकणारे मन मूल घेऊन येते असे धरले, तरी मुक्ताई किंवा एकवीरा देवी त्याला कुणीतरी दाखवावी लागते.

इथे ‘दाखवावी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांच्या मांडणीनुसार मुले मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांनी खर्च केलेला वेळ, पैसा आणि सोसलेला त्रास पाहून विश्वास ठेवतात. आजी उपवास करते, काका मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला जवळपास महिनाभर पायी जातात, आखाजीला माहेरी आलेली आत्या गौराईची गाणी म्हणते. मुलासाठी हाच पाठ असतो. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अश्रद्धेशी सर्वात घट्ट संबंध दिसला तो याच गोष्टीचा. लहानपणी श्रद्धेचे असे आचरण फारसे न पाहिलेले लोक जास्त करून नास्तिक होते. तर्कशुद्ध विचारांच्या सवयीचा परिणाम त्यापेक्षा कमी आढळला.

त्यामुळे आई-बाबांनी काही शिकवले नाही, पण मूल कानबाईला, रथोत्सवाला, एकवीरेच्या यात्रेला जात राहिले, तर त्याला ‘धर्म न मिळालेले मूल’ म्हणता येत नाही. शिक्षक तेवढा बदलला.

अशी मुले मोठी झाल्यावर काय झाले?

उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत प्यूच्या २०१४ च्या पाहणीत, कोणताही धर्म न मानणाऱ्या घरात वाढलेल्यांपैकी ५३ टक्के तसेच राहिले होते. उरलेले कोणत्या ना कोणत्या धर्माकडे वळले. सोव्हिएत राजवटीने अनेक पिढ्यांना निरीश्वरवाद शिकवला. तरी स्वतःला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणवणाऱ्या रशियनांचे प्रमाण १९९१ मधल्या ३७ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. चेक प्रजासत्ताकही साम्यवादी राजवटीखाली होते, पण तिथे त्याच सुमारास ७२ टक्के लोक कोणत्याच धर्माचे नाव लावत नव्हते.

भारतात आंध्रमधले गोरा यांनी १९४० मध्ये नास्तिक केंद्र सुरू केले. त्यांची मुले लवणम, विजयम, समरम यांनी ते काम पुढे नेले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी मुलाचे नाव हमीद दलवाई यांच्यावरून ठेवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतरही हमीद आणि मुक्ता ही दोन्ही मुले अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात राहिली. मात्र या घरांत मुलांना ‘काहीच शिकवले नाही’ असे नव्हते. प्रश्न विचारणे आणि त्याची किंमत मोजणे मुलांनी रोज पाहिले. इथेही आचरणच पुढच्या पिढीत गेले.

उलट उदाहरणेही आहेत. भगतसिंग आर्य समाजी घरात वाढले. लाहोरला शिकत असताना ते गायत्री मंत्र जपत, आणि १९३० मध्ये तुरुंगातून त्यांनी आपण नास्तिक का, यावर निबंध लिहिला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे साने गुरुजी श्रद्धाळू आईच्या संस्कारात वाढले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. संस्कार तेच राहिले, पण त्यातून काय निघेल हे कुणी आधी सांगू शकले नसते.

शाळेत प्रार्थना, अर्जात धर्म : सक्ती आहे का?

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण अथवा उपासनेत सहभागी होण्यासाठी अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते. मात्र सर्व धर्मांची माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे.

धर्माचा रकाना रिकामा ठेवण्याआधी एक गोष्ट पाहावी. अनुसूचित जातीच्या दर्जासाठी हिंदू, शीख किंवा बौद्ध असण्याची अट आहे. भिल्ल, पावरा यांसारख्या अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. घरातला निर्णय पुढे दाखल्यापर्यंत पोहोचू शकतो.

थोडक्यात, उत्तर काय?

धर्म न शिकवल्याने मूल आपोआप नास्तिक होत नाही आणि शिकवल्याने आपोआप श्रद्धाळूही होत नाही. ज्या घरात धर्माबद्दल कुणी बोलत नाही, तिथले मूल आजूबाजूला जे दिसते ते उचलते. म्हणून ‘मोठे झाल्यावर ठरवेल’ असे म्हणणाऱ्या आई-बाबांना गप्प राहून चालत नाही. ठरवण्यासाठी मुलाला माहिती लागते आणि प्रश्न विचारण्याची मोकळीकही लागते. आजीलाही एक दिलासा आहे. नातवाला मांडीवर घेऊन तिने कानबाईची गाणी म्हटली असतील, तर ती त्याला आठवतील. त्या आठवणीचा अर्थ काय लावायचा, हे मात्र तो ठरवेल.