लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका

बारामती-इंदापूर भागातल्या एखाद्या जुन्या घरात रेकॉर्डची ट्रंक निघाली, की पहिला सल्ला मिळतो तो ‘स्पिरिटनं पुसून घ्या’. व्हिनाइलच्या एलपीला हे एकवेळ चालेल. पण ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी बहुधा लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची असते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतात. तबकडीवर स्पिरिट पडलं की तेच होतं. बालगंधर्वांचं पद ज्या खाचेत आहे ती खाचच विरघळते, आणि ती पुन्हा घडवता येत नाही.

गाण्याच्या सालावरून तबकडी लाखेची की व्हिनाइलची ते ओळखता येतं, हाही गैरसमजच. भारतात साठच्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे त्यांवर आली. लेबलवर फेरे पाहा. जड, ताठ आणि ७८ फेऱ्यांची असेल तर ती लाखेची समजा. वाकवून पाहू नका, तुटेल.

पाण्यानं लाख खराब होते म्हणून कोरडंच पुसावं, असंही सांगतात. भिजत ठेवणं वाईटच, पण चटकन धुतलेलं चालतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळून बसतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब टाका. लेबल कोरडं राखत मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसा आणि सावलीत उभी वाळवा. चकाकी यावी म्हणून खोबरेल किंवा रॉकेल अजिबात नको. तेलकटपणावर धूळ चिकटते आणि सुई ती खाचेत रगडत जाते.

खरखर ऐकू आली की तबकडी गेली, असं मानून कितीतरी चांगल्या तबकड्या टाकून दिल्या जातात, याचं फार वाईट वाटतं. दोष पुष्कळदा सुईचा असतो. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. तबकडीतली भुकटी तिला झिजवते आणि झिजलेली धार खाच कापू लागते. विजेच्या प्लेअरवरही एलपीची सुई ७८ ला चालत नाही. एलपीच्या सुईचं टोक सुमारे २५ मायक्रॉनचं, ७८ चं सुमारे ७५ मायक्रॉनचं. बारीक टोक रुंद खाचेच्या तळाशी जातं आणि तिथला कचराच वाजवतं.

ठेवताना तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या लाखेच्या तबकडीला तडा जातो. व्हिनाइलला मे महिन्यातला पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभी असलेली बंद गाडी वाकवते.