व्हॅनिटी (स्नानगृह)

व्हॅनिटी म्हणजे हात-तोंड धुण्याचे बेसिन आणि त्याखालील कपाट यांचे एकत्रित फर्निचर होय. भारतीय घरांत स्नानगृहाची फरशी पाणी ओतून धुतली जाते व बराच काळ ओली राहते. त्यामुळे जमिनीवर टेकलेले कपाट तळाकडून लवकर कुजते. भिंतीवर, फरशीपासून वीतभर तरी वर बसवलेली व्हॅनिटी अधिक टिकते. मात्र तिचा सर्व भार पेलण्याइतकी भिंत भक्कम असावी लागते.

एमडीएफ व पार्टिकल बोर्ड यांच्या कडांतून पाणी शिरल्यास ते फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. आयएस ७१० या भारतीय मानकानुसार बनवलेले मरीन प्लायवुड ओलाव्यात तग धरते. त्याच्याही कापलेल्या कडा बंद कराव्या लागतात. पीव्हीसी बोर्डाला वाळवी लागत नाही, पण त्यात स्क्रूची पकड कमी असल्याने बिजागऱ्या सैल होतात.

बेसिनखालील बॉटल ट्रॅपमध्ये साठून राहणारे पाणी सांडपाण्याच्या नळीतील दुर्गंधी अडवते. त्यात केस व साबणाचा गाळ साचतो, म्हणून तो उघडण्यापुरती जागा कपाटात मोकळी ठेवणे आवश्यक असते. खण वाढवण्याच्या नादात नेमकी हीच जागा जाते.

बेसिनची कड साधारणपणे ८०० ते ८५० मिमी उंचीवर असते. खालचे खण त्यामुळे लहान मुलांच्या सहज हाती लागतात. आम्लयुक्त स्वच्छता-द्रावणे तेथे ठेवणे धोक्याचे असते. ती ब्लीचमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, त्यामुळे दोन्ही एकाच खणात ठेवत नाहीत.