हिस्टोनचे निरोपे

तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु या गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. कावेरीकाठच्या या भातशेतीच्या मुलखात शेतकऱ्याला दोन गोष्टी सारख्याच दक्षतेने सांभाळाव्या लागतात : लावणीच्या वेळी शेतात पाणी घेणे आणि अधिक झालेले पाणी वेळीच काढून देणे. पुरवठा व निचरा यांचा असाच मेळ सजीवांच्या पेशींनाही घालावा लागतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या बाबतीत तर तो फार कसोशीने घातला जातो.

मानवी पेशीतील डी. एन. ए.चे धागे उलगडून जोडले, तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल. एवढा धागा इवल्याशा पेशीकेंद्रात मावतो, तो हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असल्यामुळे. एका रिळात हिस्टोनचे ८ रेणू असतात. पेशी दुभंगण्यापूर्वी डी. एन. ए.ची नक्कल तयार होते. या कामाला मानवी पेशीत सुमारे ८ तास लागतात. तेवढ्या अवधीत रिळांची संख्याही दुप्पट व्हावी लागते. ती कमी पडली, तर नवा धागा नीट बांधला जात नाही. फाजील झाली, तर मोकळे हिस्टोन डी. एन. ए.ला भलत्याच जागी चिकटतात आणि पेशीला अपाय होतो.

हिस्टोन घडविण्याचा निरोप आर. एन. ए.चा एक रेणू नेतो. प्राण्यांच्या पेशींतील इतर बहुतेक निरोप्यांना ॲडेनिनची लांब शेपटी असते. नकलेच्या वेळी कामी येणाऱ्या हिस्टोनच्या निरोप्याला ती नसते. तिच्या जागी आकड्यासारखा एक वळसा असतो. या वळशाला धरून राहणाऱ्या प्रथिनाचे जनुक १९९६ साली संशोधकांच्या हाती आले. निरोप्याचे टोक योग्य जागी कापले जाणे, तो पेशीद्रव्यात पोहोचणे आणि त्याचा मजकूर वाचला जाणे, या तिन्ही कामांत त्या प्रथिनाचे साह्य असते. नक्कल चालू असताना असे निरोपे सुमारे ३५ पटींनी वाढतात.

काम संपताच चित्र पालटते. निरोप्याच्या टोकाला युरिडिनचे काही घटक जोडले जातात, हे २००८ साली दाखविण्यात आले. ही जणू निरोप रद्द झाल्याची खूण. मग विघटन करणारी प्रथिने जमतात आणि दोन्ही टोकांकडून त्या रेणूचा फडशा पाडतात. औषध देऊन नक्कल मध्येच थांबविली, तरी हे निरोपे काही मिनिटांतच झपाट्याने नाहीसे होऊ लागतात.

तिरुवैयारुच्या शिवारातील भाताच्या पेशी मात्र निराळ्या वाटेने जातात. वनस्पतींत हिस्टोनच्या निरोप्यांना शेपटी असते. तरीही त्यांचा भर मुख्यतः नकलेच्या वेळीच असतो. वाटा दोन असल्या तरी शिस्त एकच आहे : आज्ञा वेळेवर निघावी आणि काम होताच ती मागे घेतली जावी.