युराय शुबिचची अवघड लढाई

सत्ता गमावलेल्या घराण्यांवर लिहा, असं संपादक म्हणाले आणि मला सगळ्यांत आधी युराय शुबिच आठवला. थोरल्या भावाचं राज्य बुडाल्यावर ते पुन्हा उभं करायला निघालेला धाकटा भाऊ.

शुबिचांचं मूळ ठाणं ब्रिबिर, क्रोएशियातल्या स्क्रादिनजवळच्या टेकडीवरचं. आधी लिबर्नियन वस्ती, मग रोमन नगर, त्यावर शुबिचांचा कोट आणि त्यांना जिथं पुरलं तो फ्रान्सिस्कन मठ, सगळं एकाच माथ्यावर. युरायचे वडील पावाओ इथूनच क्रोएशियाचे बान, म्हणजे हंगेरीच्या राजाचे सुभेदार झाले, पुढे बोस्नियाचेही धनी. बानपद त्यांनी वतनासारखं घराण्यात वंशपरंपरेनं चालू ठेवलं. हंगेरीच्या गादीवर नेपल्सचा कार्ल रॉबर्ट बसला, त्यातही शुबिचांचाच मोठा हात होता.

मी अडकून पडतो ते इथंच. राजा दुबळा होता, म्हणून शुबिच मोठे होते. आणि ज्या राजाला त्यांनी आणलं, तोच हळूहळू बळकट झाला. 1322 साली शिबेनिक आणि त्रोगिर ही बंदरं व्हेनिसच्या आश्रयाला गेली, सरदार उलटले, ब्लिस्काच्या लढाईत युरायचा थोरला भाऊ बान म्लादेन हरला. तो दाद मागायला राजाकडे गेला, तर राजानं त्यालाच कैद करून हंगेरीला नेलं. तो परत आला नाही.

युरायच्या वाट्याला किल्ले आले, माणसं आली, पण बानपद गेलं. क्निनचा किल्ला बळकावून बसला होता इवान नेलिपिच, म्लादेनविरुद्ध उठलेल्यांपैकीच एक. 1324 मध्ये युराय त्याच्याशी लढला, हरला आणि कैदेत पडला. मला या माणसाचं फार वाईट वाटतं. शौर्य होतं, पण ज्या बंदरांच्या जोरावर बाप मोठा झाला, तीच एकेक करून व्हेनिसकडे चालली होती: 1327 ला स्प्लित, 1329 ला निन. खरं तर राजाचे बानही नेलिपिचला हलवू शकत नव्हते. शुबिच आणि नेलिपिच टिकाऊपणे एक झाले असते, तर दोघांनाही राजापुढे बळ मिळालं असतं. वैर मात्र आटोपत नव्हतं.

पुढे घराणंच शाखांमध्ये वाटलं गेलं. 1347 ला हंगेरीचा राजा लायोशनं एका शाखेकडून ओस्त्रोवित्सा घेतलं आणि बदल्यात दूर उत्तरेला ज्रिन दिलं. तीच पुढची ज्रिन्स्की मंडळी. युरायचा मुलगा म्लादेन तिसरा दक्षिणेत क्लिस आणि स्क्रादिन धरून राहिला. सर्बियाचा राजा दुशान याची बहीण येलेना त्यानं केली होती. 1348 मध्ये तो त्रोगिरला प्लेगनं गेला. विधवा येलेनानं दोन्ही किल्ले काही वर्षं राखले, दुशाननं शिबंदीही पाठवली. शेवटी क्लिस राजानं घेतलं आणि स्क्रादिन व्हेनिसनं.